मदत हवी आहे: सहकारी नोकरी सोडून गेला, टीमच्या फाइल्स त्याच्या वनड्राइव्हमध्ये (ऑफिसने दिलेल्या त्याच्या ऑनलाइन फाइल-जागेत) अडकल्यात

मंडळी, जरा घाईचं आहे. आमच्या टीमचं दोन वर्षं सगळं काम मायक्रोसॉफ्ट टीम्स ॲपच्या एका ग्रुप चॅटवरच चाललंय, आयटीने त्यातच चॅनल (अख्ख्या टीमची सामायिक जागा) काढून दिलं होतं पण तिकडे कोणी फिरकत नाही, फाइल आली की चॅटमध्ये टाकली, झालं. निम्म्याहून जास्त फाइल्स एकच जण टाकायचा कारण तोच सगळं सांभाळायचा, आणि तोच आता सोडून गेला, त्याला सहा दिवस झाले.

परवा नवीन जॉइन झालेली मुलगी रिलीजचा एक्सेल ट्रॅकर उघडायला गेली तर परवानगी नाही असं आलं, तिने 'रिक्वेस्ट ॲक्सेस' दाबलं आणि दिवसभर वाट बघत बसली. माझ्याकडे तीच फाइल धडधडीत उघडत होती म्हणून मला वाटलं तिच्याच लॉगिनचा घोळ असणार. मग सहज ब्राउझरमध्ये वरचा पत्ता पाहिला तर त्यात 'पर्सनल' आणि पुढे त्या गेलेल्या माणसाचं नाव! म्हणजे तिची विनंती गेली ती त्याच्याच बंद मेलवर. मी आपला इतके दिवस समजत होतो की चॅटमधली फाइल चॅटमध्येच असते.

आता या फाइल्स किती दिवस राहतील? आणि डाउनलोड करून दुसरीकडे चढवल्या तर जुन्या व्हर्जन जातील ना? ऑडिटला त्याच लागतात.

प्रतिसाद १:
चॅटमधली फाइल टाकणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये जाते आणि तेव्हा चॅटमध्ये असलेल्यांनाच परवानगी मिळते, नंतर आलेल्याला नाही, म्हणून तुमच्या नव्या मुलीला दिसलं नाही. चॅनलमध्ये टाकली असती तर ती टीमच्या शेअरपॉइंटवर (कोणा एकाच्या नाही, टीमच्या मालकीच्या फाइल-जागेत) गेली असती आणि कोणी आलं-गेलं तरी फरक पडला नसता. सेटिंग बदललेलं नसेल तर खातं डिलीट झाल्यापासून वनड्राइव्ह ३० दिवस राहतं, नंतर ९३ दिवस ॲडमिनला परत आणता येतं. हे ३० दिवस शेवटच्या दिवसापासून नाही, खातं डिलीट केल्यापासून मोजतात, त्यामुळे आयटीला आधी ती तारीख विचारा, कदाचित अजून नुसतं ब्लॉकच केलं असेल. सिस्टीममध्ये त्याचा मॅनेजर नोंदलेला असेल तर खातं डिलीट झाल्यावर मॅनेजरला त्या वनड्राइव्हच्या ॲक्सेसची मेल आपोआप जाते.

प्रतिसाद २:
डाउनलोड अजिबात करू नका. 'कॉपी टू' पण नको, त्यात फक्त शेवटची व्हर्जन येते. ज्याला ॲक्सेस मिळेल त्याने ब्राउझरमधून 'मूव्ह टू' करून चॅनलच्या फोल्डरमध्ये हलवा, हिस्टरी सोबत येते. जुन्या लिंकवर विसंबू नका, नवीन लिंका चॅटमध्ये पिन करून टाका. आणि चॅनलबाहेरच्या मीटिंगची रेकॉर्डिंगं पण कोणाच्या तरी वनड्राइव्हमध्येच असतात, तीही बघा, ती सगळेच विसरतात.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. मॅनेजरला विचारलं, मेल खरंच आली होती, ऑटोमेटेड दिसली म्हणून त्यांनी न वाचताच आर्काइव्ह केली होती 🙂 खातं डिलीट होऊन चार दिवस झालेत. ट्रॅकर आत्ताच हलवला, हिस्टरी शाबूत आहे. रेकॉर्डिंगं आज संध्याकाळी शोधतो.