घरबसल्या मुंबईदर्शन: याला सहल म्हणायचं का?

चौथी_सीट
गेल्या रविवारी आम्ही डोंबिवलीच्या सोफ्यावरून मुंबई फिरून आलो. मोबाईल टीव्हीला जोडला, नकाशातलं स्ट्रीट व्ह्यू उघडलं आणि आई, मी नि भाचा असे तिघं निघालो. आई ७८ वर्षांची. लग्नानंतरची तीस वर्षं गिरगावातल्या चाळीत काढलेली, आता दोन्ही गुडघे बोलतात. निघताना तिने आमच्या हातावर दही ठेवलं. मला वाटलं चेष्टा करतेय, पण नव्हती करत. पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरलेली, आणि मरीन ड्राइव्ह येईपर्यंत डबा उघडायचा नाही अशी ताकीद.

सीएसएमटी, फोर्ट, मग गेटवे. भाच्याने वाचून दाखवलं की पंचम जॉर्ज १९११मध्ये इथे उतरला त्याची आठवण म्हणून हे बांधलं, आणि खुलं व्हायला १९२४ उजाडलं. आई म्हणाली, "म्हणजे नवरदेव येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी मांडव!" रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे धूसर केलेले असतात. ते पाहून ती म्हणाली, "यांच्या तोंडांना काय झालंय?"

गिरगावात चित्र गल्लीच्या तोंडाशीच संपलं. आमची चाळ आत आहे. पुढे जाता येईना, पण आई म्हणाली थांब इथेच. मग तिथे बसून आत काय काय आहे ते तिनेच सांगितलं: नळ, पिठाची गिरणी, कोणाच्या गॅलरीतून कोण हाक मारायचं. भाच्याने टीव्हीकडे पाठ केली आणि तिच्याकडे तोंड करून बसला.

भाऊ म्हणतो, तुम्ही टीव्ही बघितलात. मी म्हणते, सहल झाली. तुमचं काय मत?

खिडकीची_जागा
भावाचं बरोबर आहे. राग मानू नका. सहल म्हणजे जिथे काहीतरी बिनसू शकतं. गाडी चुकते, चप्पल तुटते, भेळवाला तिखट जास्त टाकतो. तुमच्या सहलीत बिनसण्यासारखं काय होतं? फार तर वायफाय गेलं असतं. शिवाय तुम्ही दाखवताय ती कुठल्यातरी एका दिवशी गाडीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेली मुंबई. मरीन ड्राइव्हला लाट जिथे थिजली तिथेच. समुद्र न हलणारं समुद्रकाठचं शहर, हे काय दर्शन?

शेंगदाणे
वायफाय गेलं असतं तर खरी सहल झाली असती. 😄

ओव्हलच्या_कडेला
मी उलट बोलतो. सीएसएमटीवरून पंचवीस वर्षं नोकरीला गेलो. १८८७पासून ती इमारत उभी आहे, २००४पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि मी तिच्याकडे मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. ८.१७ पकडायची की घुमट बघायचा? घुमटावर हातात मशाल घेतलेली 'प्रगती'ची मूर्ती आहे आणि दारावर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ, हे मी निवृत्त झाल्यावर स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला.

ओव्हल मैदानाचंही तेच. एका बाजूला राजाबाई टॉवर, हायकोर्ट अशा गॉथिक इमारती, समोरच्या बाजूला आर्ट डेकोच्या. मध्ये क्रिकेट. दोन्ही मिळून २०१८मध्ये वारसा यादीत आल्या. मैदानात उभं राहिलं तर अर्धं लक्ष डोक्यावर येणाऱ्या चेंडूकडे असतं. घरी निवांत बघता येतं.

खिडकीची_जागा
काका, तुम्ही पंचवीस वर्षं तिथून गेलात म्हणून तुम्हाला घरी बसून दिसलं. ज्याने कधी पाहिलंच नाही त्याला त्या वाघ-सिंहाचं काय?

ओव्हलच्या_कडेला
हा मुद्दा मान्य. पण धागाकर्तीच्या आईलाही तीस वर्षांचंच दिसलं ना? मग तक्रार कसली?

वेसावकर
माझी तक्रार वेगळीच आहे. तुमच्या सहलीत गेटवे आला, क्वीन्स नेकलेस म्हणजे मरीन ड्राइव्ह आला, पण भाऊचा धक्का नाही, ससून डॉक नाही, वरळी कोळीवाडा नाही. कोळीवाड्याच्या गल्ल्यांत तो कॅमेरा शिरणारच नाही, तुमच्या चाळीत शिरला नाही तसाच. म्हणजे मुंबई कोणाची दिसते? जिथे चारचाकी जाते तेवढीच. आणि बांबूवर टांगलेल्या बोंबलांचा वास नसेल तर तो आमचा किनाराच नाही. (हो, माहीत आहे, डब्यातल्यांना तेच बरं वाटतं.)

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. स्क्रीनवर हाजी अलीची वाट कायम उघडी किंवा कायम बुडलेली. आमच्याकडे तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या आसपास, अमावास्या-पुनवेला बाराच्या आधी-मागे. थोडं इकडेतिकडे होतं, पण आजा याच हिशोबावर होडी काढायचा. तुमच्या नकाशाला तिथी माहीत आहे का?

गुडघेदुखी_संघटना
सगळे धडधाकट लोक बोलताहेत. माझ्या सासऱ्यांना घारापुरी बघायची होती. गेटवेवरून लाँचने तासभर, वर जायला शंभरावर पायऱ्या. डोलीची खुर्ची मिळते, पण चार माणसांच्या खांद्यावरून जायला ते तयार नव्हते. "अजून वेळ आहे त्याला," म्हणाले. शेवटी लेणी घरीच पाहिली, तीन मुखांच्या शिवासमोर अर्धा तास बसले. फक्त विचारत राहिले, एलिफंटा म्हणतात तर हत्ती कुठे आहे? तो दगडी हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ ठेवलाय. मग टॅक्सी करून तिथे गेलो. हत्तीपर्यंत पायऱ्या नाहीत. सोंडेला हात लावून आले.

खिडकीची_जागा
बघा! हात लावायला शेवटी जावंच लागलं.

गुडघेदुखी_संघटना
अहो पण घरी बसून लेणी पाहिली नसती तर हत्ती शोधायला कोण निघालं असतं?

शेंगदाणे
निकाल: हत्ती जिंकला.

खिडकीची_जागा
थोडा मागे येतो. ज्यांना जाता येत नाही त्यांच्याबद्दल माझा वाद नाही. माझी भीती घरच्यांची आहे. "अगं, टीव्हीवर दाखवली ना मुंबई" असं म्हणून मुलं मोकळी होतात. आमच्याकडे देवदर्शनाचं हेच झालं. लाइव्ह दर्शन सुरू झाल्यापासून आजीला देवळात कोणी नेलं नाही, आणि सगळ्यांना वाटतं ती खूश आहे. ताई, खरं सांगा, आईंना "जायचं का?" असं शेवटचं कधी विचारलंत?

चौथी_सीट
लागलं. दोन वर्षं झाली असतील. नाही म्हणेल असं मीच धरून चालले होते.

काल रात्री हा सगळा धागा तिला वाचून दाखवला. मांडवावरचा तिचा विनोद कोणी उचलला नाही म्हणून जरा खट्टू झाली. मग विचारलं. गिरगावात नको म्हणाली. "गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आले, आत आता दुसरीच माणसं." पण मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचंय. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणून येता शनिवार धरलाय. सीएसएमटीपासून टॅक्सी.

वेसावकर, तुमचा हिशोब तिने भिंतीवरच्या कालनिर्णयावर लगेच लावून पाहिला. शनिवारी एकादशी. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणते, सहाला पोचू, पाणी चढताना दिसलं पाहिजे. उपास आहे, त्यामुळे डब्यात साबुदाण्याची खिचडी.

वेसावकर
हिशोब बरोबर आहे आजींचा. कठड्यावर वारा असतो, खिचडी धरून बसा.