रिकर्व्हची ब्रेस हाइट किती ठेवावी?

प्रश्न: 62 इंची लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) आहे. बाण सुटताना दोरी मनगटाला लागते, धनुष्य थरथरतं. ब्रेस हाइट, म्हणजे ग्रिपच्या (मुठीच्या) सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंतचं अंतर, 7 इंच भरतं. वाढवू का?

उत्तर 1: वाढवा. या लांबीला साधारण साडेसात ते सव्वाआठ इंच चालतात. बनवणाऱ्याने दिलेली मर्यादा आधी बघा. स्ट्रिंगर (धनुष्य वाकवून दोरी चढवा-उतरवायची वेगळी दोरी) लावून दोरी उतरवा, आहे त्याच दिशेने 4 पीळ द्या (पिळाने दोरी आखडते, अंतर वाढतं), चढवून मोजा, 3 बाण सोडा. आवाज सर्वांत दबका येईल तिथे थांबा. उगाच वर नेऊ नका, बाणाचा वेग घटतो.

उत्तर 2: नॉकिंग पॉइंटही (दोरीवर बाण अडकवायची खूण) तपासा, पिळाबरोबर तो सरकतो. नवी डॅक्रॉनची (पॉलिएस्टर धाग्याची) दोरी ताणते, त्यामुळे काही दिवस रोज मोजाच.

उत्तर 3: पीळ इतके झाले की दोरीला गाठी पडतायत? मग आखूड दोरी घ्या.