मदत हवी आहे: लेक लिश्टनस्टाइनमध्ये, फोन मात्र स्वित्झर्लंडमध्ये

नमस्कार मंडळी. युरोपात, विशेषतः त्या भागात राहणाऱ्या कुणी वाचत असाल तर कृपया सांगा.

माझी धाकटी लेक सप्टेंबरपासून लिश्टनस्टाइनच्या राजधानीत, फादुझला आर्किटेक्चरचं मास्टर्स करतेय. देश एवढासा, जेमतेम १६० चौरस किलोमीटर. एका अंगाला स्वित्झर्लंड, दुसऱ्या अंगाला ऑस्ट्रिया. तिथलं भाडं झेपेना म्हणून ती सीमेपलीकडे ऑस्ट्रियात, फेल्डकिर्खला राहते आणि बसने रोज ये-जा करते. सिमकार्डही ऑस्ट्रियातलं. घेताना दुकानदाराने सांगितलं होतं की लिश्टनस्टाइन युरोपियन युनियनमध्ये नसलं तरी युरोपियन आर्थिक क्षेत्रात आहे, तिथे रोमिंगचे जादा पैसे पडत नाहीत. ते खरंही आहे.

पण ऑक्टोबरचं बिल ६१ युरो जास्त आलं. ओळीनं सगळीकडे एकच नाव: स्वित्झर्लंड. जिथे तिने पाऊलही ठेवलं नव्हतं! ऱ्हाइन नदीच्या पलीकडचा काठ स्वित्झर्लंडचा, आणि तो आर्थिक क्षेत्रात नाही. कॉलेजमध्ये बसल्या जागी तिचा फोन नदीपलीकडचा टॉवर पकडतो.

तेव्हापासून पोर बसमध्ये चढली की रोमिंग बंद करते. तिथे रात्रीचे साडेआठ म्हणजे इथे सांगलीत एक. शेवटचा तास सुटून ती थंडीत स्टॉपवर उभी असते, आणि मी अंथरुणात बसून माझ्या ‘पोचलीस का?’पुढची एकच टिक बघत असते. पैशाचं काय, भरू. पण त्या अर्ध्या-पाऊण तासात काही झालं तर ती कुणाला फोन कसा करणार? तिने ४२३ वाला तिथला नंबर घ्यावा का? की आहे त्यातच काही मार्ग आहे?

दुसरी गोष्ट पार्सलची. दिवाळीला चिवडा, शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू पाठवले, कॉलेजच्या पत्त्यावर. कुरिअरवाल्या मुलाच्या यादीत लिश्टनस्टाइन सापडेना, त्याने ‘स्वित्झर्लंड’ टाकलं आणि मीही हो म्हटलं. तीन आठवड्यांनी खोकं परत दारात. वर जर्मन चिठ्ठी, आत बटरपेपरात एकेक गुंडाळलेले लाडू जसेच्या तसे. देशाचं नाव चुकलं म्हणून परत आलं का? मला फार लागलंय ते.

शाळेत असताना मी तिकिटं जमवायचे. लिश्टनस्टाइनची दोन तिकिटं अजून आहेत माझ्या वहीत. नकाशात तो देश सापडायच्या आधी मला त्याची तिकिटं माहीत होती. तिथे लेक जाईल असं कधी वाटलं नव्हतं.

प्रतिसाद

ताई, मी झ्युरिकला असतो, कामानिमित्त त्या खोऱ्यात नेहमी जाणं होतं. आधी फोनचं. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची ‘आपोआप निवड’ बंद करायला सांगा आणि फादुझमध्ये असताना यादीतून ‘एफएल१’ हाताने निवडायला सांगा. ती तिथल्या देशी टेलिकॉम कंपनीची सेवा आहे. इतर काही नावं दोन्ही देशांत चालतात, म्हणून नुसत्या नावावरून टॉवर कुठला ते कळत नाही. नवीन नंबर लागत नाही. घरी पोचल्यावर पुन्हा ‘आपोआप’ करायचं, एवढंच. आणि ११२ हा आपत्कालीन नंबर जवळपास असेल त्या टॉवरवरून फुकट लागतो, रोमिंग बंद असलं तरी. हे तिला आजच सांगा.

या घोळाला इतिहास आहे. तिथलं टपाल १९२० पर्यंत ऑस्ट्रियाने चालवलं, १९२१ पासून स्वित्झर्लंडने. फोनसुद्धा १९९९ पर्यंत स्विस नंबरांतच होते, ०७५ लावून. ४२३ त्यानंतरचा.

प्रतिसाद

पार्सलबद्दल. फादुझचा पिन ९४९० स्विस मालिकेतलाच आहे, आणि १९२३ च्या करारामुळे कस्टम्सही स्विसच. त्यामुळे ‘स्वित्झर्लंड’ लिहिल्याने खोकं परत येईल असं वाटत नाही. तरी पुढच्या वेळी शेवटच्या ओळीत देशाचं नाव इंग्रजीत ठळक लिहाच. ताई, लाडू साजूक तुपातले होते का? युरोपियन युनियनबाहेरून टपालाने येणारे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिथे अडवतात. फॉर्मवर तूप लिहिलं असेल तर कारण तेच असणार. खासगी भेट म्हणून १०० फ्रँकपर्यंतच्या वस्तूंवर कर नाही, पण किंमत खरी लिहा. आणि लेक पत्रं पाठवत असेल तर सांगा, फादुझच्या पेटीत स्विस तिकीट चालत नाही. चलन एकच असलं तरी तिकिटं त्यांची स्वतःची, १९१२ पासून.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. हो, तूप घरचंच होतं, आणि फॉर्मवर मीच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, चांगल्या वस्तूचं नाव लपवायचं कशाला म्हणून.

लेकीने काल एफएल१ निवडलं. रात्री एक वाजून पाच मिनिटांनी मेसेज आला, ‘आई, बसमध्ये बसले,’ आणि पाठोपाठ खिडकीबाहेरच्या अंधाराचा फोटो. ११२ तिने माझ्यासमोर व्हिडिओवर सेव्ह केला.

आता संक्रांतीला तिळाच्या वड्या पाठवतेय, तूप न घालता, ताटाला तेलाचा हात लावून. तेल लावून थापलेल्या वड्या किती दिवस टिकतात, कुणी पाठवल्यात का?