'नन लावा आणि विसरा' म्हणणाऱ्यांनी एक दिवस आमच्या दुकानात येऊन बसावं

अल्बमवाली_शहापूर
परवा एकानं लिहिलं, "डिस्कच्या रांगेचा विषय संपलाय. सगळीकडं 'नन' लावा. कर्नलनं मधे लुडबुड करू नये, डिस्क काय ते बघून घेईल." ('नन' म्हणजे लिनक्सच्या कर्नलनं, त्याच्या गाभ्यानं, डिस्ककडं जाणाऱ्या अर्जांची रांग स्वतः लावायचीच नाही अशी सेटिंग.) खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही म्हणून सविस्तर लिहायलेय.

आमचं लग्नाच्या अल्बमचं काम. चार मशिनं, आणि सगळ्यांचे फोटो एका जुन्या उबुंटूच्या (लिनक्सच्या) डब्यात. त्यात ७२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७२०० फेऱ्यांची, फिरती हार्डडिस्क. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू. एक पोरगा ६४ जीबीचं कार्ड आत ओतायला लागला की शेजारच्या मशिनवर नुसता फोल्डर उघडणारी मुलगी पांढऱ्या चौकोनांकडं बघत बसते. एक फोटो उमटतो, थांबतो, मग एकदम तीन. नवरीचे वडील प्रूफ बघायला समोर खुर्चीत. त्यांचा चहा संपतो, फोल्डर उघडत नाही.

कारण साधं आहे. ७२०० आरपीएमला एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. त्यात हेड (डिस्कवर वाचणारा-लिहिणारा काटा) सरकण्याचा वेळ धरला तर विखुरलेली वाचनं सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच होतात. कार्ड ओतणारा सलग लिहितो, म्हणून तो डिस्कचा लाडका. फोटो बघणारी एक तुकडा मागते, तो हातात आला की पुढचा मागते. रांगेत तिचा एकच अर्ज, त्याचे शेकडो. आणि डिस्कला अर्ज कोणाचा हे कळतच नाही, तिला नुसते सेक्टरचे, डिस्कवरच्या तुकड्यांचे, नंबर दिसतात. कोण खोळंबलंय हे फक्त कर्नलला माहीत. मग जिला माहीतच नाही तिच्यावर न्याय सोडून मोकळं कसं व्हायचं?

मी बीएफक्यू लावलं, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला डिस्कचा वाटा ठरवून देणारा कर्नलचा शेड्युलर. कार्ड उतरायला थोडा जास्त वेळ जातो. पण फोल्डर उघडतो.

उद्यमबाग_रॅक
ती पोस्ट माझीच, म्हणून उत्तर देणं भाग आहे. ताई, तुम्ही २००६ सालची डिस्क समोर ठेवून बोलायलाय. साटाला (तुमच्या डिस्कच्या जुन्या जोडणीला) रांग एक, तिच्यात ३२ अर्ज. एनव्हीएमईच्या, म्हणजे नव्या वेगवान एसएसडीच्या, नियमात रांगाच ६४ हजारांच्या घरात. हलणारं हेडच नाही, तर हेडच्या वाटेवरचे अर्ज ओळीनं उचलणारी लिफ्ट कोणासाठी चालवायची? बीएफक्यूत डिस्कमागे एकच कुलूप, प्रत्येक अर्ज त्यातून जाणार. त्याच्या स्वतःच्या कागदपत्रातच जुन्या आय-सेव्हनवर सेकंदाला ४ लाखांच्या आसपास मर्यादा लिहिलीय. मी कारखान्याच्या तीन व्हर्च्युअल मशिनींवर लावून बघितलं. काम मागं आणि सीपीयू रांग लावण्यात गुंग. सीएफक्यू हा आधीचा, पाळीपाळीनं वेळ वाटणारा शेड्युलर २०१९ ला कर्नल ५.० मधून काढून टाकला, तो उगीच नव्हे. एसएसडी घाला, भांडण मिटेल.

निपाणी_सर
सीएफक्यूचं अर्धवट सांगू नका. न्याय नको म्हणून तो काढलेला नाही. ज्या जुन्या एक-रांगी ब्लॉक लेयरवर (डिस्कचे अर्ज हाताळणारा कर्नलचा थर) तो उभा होता तो लेयरच गेला. त्याच्या दोन वर्षं आधी, २०१७ ला ४.१२ मध्ये, बीएफक्यू आणि कायबर हे दोन शेड्युलर आत आले होते. न्याय हवाच होता, तो नव्या घरात हलवला.

आणि 'डिस्क बघून घेईल' हा खेळ जुना आहे. आमची पोरं पेपरात 'जवळचा ट्रॅक (डिस्कवरची गोल पट्टी) आधी' हे गणित छान सोडवतात. हेडची एकूण धाव किती, उत्तर बरोबर. पण टोकाच्या ट्रॅकवरचा अर्ज उपाशी मरतो हे वाक्य शंभरातली दहा पोरं लिहितात. डेडलाईन शेड्युलर त्या एका वाक्यासाठी जन्मला. वाचनाला ५०० मिलिसेकंद, लेखनाला ५ सेकंद, मुदत संपली की रांग मोडून आधी तो. वाचनाला झुकतं माप का, तर वाचणारा दारात ताटकळलेला असतो. लिहिणारा माल मेमरीत टाकून घरी गेलेला असतो.

खानापूर_नेट
तुम्ही कर्नलला धुवायलाय, खरा घोटाळा डिस्क विकणाऱ्यांचा. मी उतारे-दाखल्यांच्या स्कॅनसाठी ४ टीबीची डिस्क घेतली. पहिले काही जीबी भुर्रकन, मग रांगायला लागली. बॅकअप सकाळी लावला तो रात्री जेवणं झाली तरी चालूच. खोक्यावर अक्षर नाही, आत शिंगल्ड. ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले. आम्हा खानापूरकरांना कौलं शाकारणं सांगायला नको. मधलं एक बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. अशा डिस्कपुढं तुमचा बीएफक्यू काय करणार? ती आतल्या आत कौलं उचलत बसलीय, बाहेर रांग कशीही लावा. दुकानदार म्हणतो, "चालतंय की हो." नाही चालत!

दारंधरी_चिकोडी
मी गावातल्या शाळेची लॅब बघतो आणि रान करतो. हा सगळा वाद आमच्या विहिरीवर रोज होतो.

चार भावांची एक विहीर, पाळी सहा-सहा तासांची. ऐकायला न्याय. काकांचं रान विहिरीला लागून. आमचं टोकाला, पाट भिजत पाणी पोचायला पाऊण तास. त्यात दर पाळीला पाट वाळलेला. तास सारखे, पाणी सारखं नाही. हा तुमचा सीएफक्यू, वेळ वाटणारा. बीएफक्यू वाफे मोजतो, म्हणजे सेक्टर. किती वेळ लागला ते नाही, किती भिजलं ते बघतो. मला तोच पटतो.

उद्यमबाग_रॅक
विहीर कुठून आणली मधेच? विषय ब्लॉक लेयरचा चाललाय.

निपाणी_सर
आणू दे, दाखला चोख आहे. पण हिशेब पुरता कर. टोकाच्या रानाचे वाफे काकांच्या बरोबरीनं भिजवायचे तर मोटर तुझ्यासाठी जास्त तास चालणार. ते तास चौघांचे. म्हणून बीएफक्यूसुद्धा सगळ्यांना वाफे लावत नाही. जो फारच विखुरलेलं मागतो, त्याच्या खात्यावर तो वेळच टाकतो. तुझे काका अगदीच चुकलेले नाहीत.

दारंधरी_चिकोडी
सर, तुमचा मान आहे, पण काकांची बाजू घेऊ नका. रात्री दोनला लाईट येते तेव्हा टॉर्च तोंडात धरून दारं धरलाय काय कधी? पाणी टोकाला पोचतं, दोन वाफे होतात आणि वरून हाक येते, "झाली रे तुझी पाळी." पाटात उरलेलं पाणी कोणाचं? भिजवला आम्ही पाट, पाणी पुढच्याचं! तीन वर्षं बोलणं बंद आहे आमच्यात ह्यावरून.

अल्बमवाली_शहापूर
भाऊ, माझ्या माहेरी, अथणीकडं, हेच. शेवटी पाटाच्या जागी पाईप टाकला, खर्च चौघांत. त्यावरही वर्षभर भांडण, कारण जवळच्याला पाईपची गरजच नव्हती.

खानापूर_नेट
पाटातलं पाणी ज्यानं पाट भिजवला त्याचंच. आमच्याकडं असा रिवाज आहे. पाळी संपली तरी पाट रिकामा होईपर्यंत दार बदलायचं नाही.

निपाणी_सर
आणि सीएफक्यू हेच करायचा! अर्ज संपला तरी ८ मिलिसेकंद हेड तिथंच थांबवायचा. त्याच माणसाचा पुढचा अर्ज शेजारच्याच सेक्टरचा येईल म्हणून. लगेच लांब पळालं तर पाट पुन्हा वाळला. थांबल्यानं वेळ वाया गेल्यासारखा दिसतो, पण फिरत्या डिस्कला तोच फायद्याचा. एसएसडीला मात्र ती थांबणूक निव्वळ तोटा.

उद्यमबाग_रॅक
आता एवढं चाललंयच तर सांगतो. आमचीही पाळी होती. आज्जानं गजराचं घड्याळ बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घालून बाभळीला टांगलेलं. भाऊबंद येता-जाता काटा पुढं सरकवायचे. एकदा आज्जानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. त्या दिवसापासून गावातला एक तिऱ्हाईत माणूस पाळी सांगायला ठेवला, वर्षाला दोन पोती जोंधळ्यावर. भांडण थांबलं.

अल्बमवाली_शहापूर
मग मी सुरवातीपासून काय म्हणतेय? कोणाचं रान नाही असा तिऱ्हाईत मोजायला लागतो. तोच कर्नल. आणि तुम्ही लिहिलंत, तो काढून टाका.

उद्यमबाग_रॅक
फिरत्या डिस्कला लागतो. 'सगळीकडं' हा शब्द माझा चुकला, घेतो मागं. एनव्हीएमईला मात्र दर वाफ्याला माणूस उभा करायचा नाही, हे सोडत नाही. तिथं सीग्रुपनं, म्हणजे प्रोग्रॅमचे गट करून, वाटा ठरवीन, कर्नल ५.४ पासून आयओ-कॉस्ट हे साधन त्यासाठीच आहे.

पण ताई, तुमच्यातही एक चूक आहे. मागे तुम्ही लिहिलेलं की बॅकअपला आयोनाइसनं (डिस्कसाठी कोण आधी ते ठरवणारी कमांड) 'आयडल', म्हणजे सगळ्यात शेवटचा, वर्ग लावलाय, म्हणून तो कोणाला त्रास देत नाही. वाचन मागं सरेल. लेखन मेमरीतल्या कॅशमध्ये पडतं, आणि नंतर डिस्कवर नेतो कर्नलचा फ्लशर. त्याच्या कपाळावर तुमचा वर्ग लिहिलेला नसतो. चिठ्ठी बॅकअपच्या हातात, पोतं उचलतोय दुसराच हमाल.

अल्बमवाली_शहापूर
हे मला ठाऊक नव्हतं. तरीच रात्रीच्या बॅकअपला मशिन जड व्हायचं आणि मी रॅमला दोष देत होते. मान्य. पण मग सांगा, तुमच्या एनव्हीएमईवाल्या मशिनमध्ये स्वस्तातला पेनड्राईव्ह घालून ८ जीबीचा व्हिडिओ टाकला की काय होतं?

उद्यमबाग_रॅक
गोठतं. खोटं कशाला बोलू. डर्टी रेशो, म्हणजे न लिहिलेला माल मेमरीत किती साचू द्यायचा ती हद्द, मुळात २० टक्के. १६ जीबी बहुतेक मोकळी असली तर तीन जीबीपर्यंत न लिहिलेला माल मेमरीत साचतो. तो पेनड्राईव्हच्या बोळातून निघेपर्यंत एनव्हीएमईवर लिहिणारेही अडकतात, कारण हद्द सगळ्यांची एकच.

निपाणी_सर
डर्टी बाईट्स आणि डर्टी बॅकग्राउंड बाईट्स, दोन्हींत ठरावीक आकडा घाला. टक्के आपोआप शून्य होतात. लॅबमध्ये मी २०० आणि ५० एमबी ठेवलंय. पोरांचे पेनड्राईव्ह चालू असतात आणि बाकी मशिन हलतं.

अल्बमवाली_शहापूर
आत्ताच लावलं आणि कार्ड ओतायला बसवलं. पूर्वी बार धाडकन अर्ध्यावर जाऊन तिथंच मरायचा. आता हळू पण सरळ चाललाय. शेजारच्या मशिनवर मेहंदीचा फोल्डर उघडला, फोटो एकेक करून पण न थांबता आले. उद्या बॅकअप चालू असताना बघते आणि लिहिते.

खानापूर_नेट
माझ्या शिंगल्ड डिस्कचं कोणी काही बोललं नाही.

निपाणी_सर
तिच्यावर रोजचं लेखन करू नका. वर्ष संपलं की त्या वर्षाचे स्कॅन एकदा सलग टाका आणि पुढं नुसतं वाचा. एकदा शाकारलेल्या छपरावर पाय ठेवायचा नाही.

दारंधरी_चिकोडी
पाटातल्या पाण्याचा तो खानापूरचा रिवाज काकांना सांगून बघतो, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तर ऐकतील. थ्री-फेज आली, निघालो.