ओढ्याची कड ढासळतेय, भिंत बांधायची की दगड आणि झाडं? (बावधन)

ओढ्याशेजारी
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पुण्यात बावधनात आहे, मागून रामनदीला मिळणारा एक छोटा ओढा जातो, उन्हाळ्यात नुसती ओल असते पण जुलैत असा काही सुटतो की दर पावसाळ्यात आमच्या बाजूची कड थोडी थोडी खातो. लांबी साधारण ६० मीटर, उंची माणसाएवढी. कमिटीने कोटेशन मागवलं तर लँडस्केपवाल्याने सरळ आरसीसी भिंत, तळाला काँक्रीट, वर लॉन आणि पांढरे गोटे असं दिलंय. मला काही पटत नाहीये पण मीटिंगमध्ये "मग तूच सांग काय लावायचं" म्हणाले की बोलती बंद. गॅबियन (दगड भरलेले तारेच्या जाळीचे पिंजरे), काथ्याची जाळी, वाळा वगैरे वाचलंय, पण कुठे काय वापरायचं?

डबरवाला
सिव्हिलमध्ये आहे म्हणून लिहितो. मटेरियलचं नंतर, आधी कड कुठून जातेय ते बघा. बहुतेक वेळा पाणी पायथा पोखरतं आणि मग वरची माती आपोआप खाली येते, त्यामुळे पैसे पायथ्यात घाला. तिथे काळा डबर (खाणीतले मोठे फोडलेले दगड), टोकदार कडांचा, वाघोली-मोशीकडच्या खाणींचा सहज मिळतो. गोल गोटे नकोत, एकमेकांत अडकत नाहीत, पहिल्याच पुरात गडगडत निघतात. शिवाय ते कुठल्या तरी नदीतून उपसलेले असतात, म्हणजे आपला ओढा सजवायला दुसऱ्याची नदी उकरायची!

गॅबियन सगळ्या ६० मीटरला लागणार नाहीत, वळणावर जिथे पाणी आदळतं तिथेच घ्या, बाकी ठिकाणी डबराचं कोरडं पिचिंग (सिमेंटशिवाय उतारावर रचलेले दगड) पुरेल. २×१×१ मीटरच्या एका पिंजऱ्याला साधारण ०.७ ब्रास (१ ब्रास म्हणजे १०० घनफूट) डबर धरा. दगड जाळीच्या भोकापेक्षा मोठा हवा आणि हाताने रचलेला हवा, जेसीबीने ओतला की पिंजरा पोट काढतो. मागे जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देतं, माती अडवतं) विसरू नका, नाहीतर दगडांच्या फटीतून माती वाहून जाते आणि गॅबियन उभे, मागे पोकळी. आणि पिंजरा ओढ्याच्या तळाच्या खाली थोडा उतरवून बसवायचा, वरच ठेवला तर त्याचाही पायथा पोखरणारच. ड्रेनेजचं पाणी येत असेल (पुण्यात कुठे येत नाही म्हणा) तर साधी जीआय (जस्त चढवलेली) तार लवकर गंजते, पीव्हीसी कोटिंगवाली मागा.

तळाला काँक्रीट अजिबात नको. पाणी जिरत नाही, वेग वाढतो आणि खालच्या सोसायटीची कड जाते.

निर्गुडीवाली
डबरवाला दादांनी पायथा सांगितला, मी वरचं सांगते. आधी कडेचा उतार मोडून घ्या, १ उभा २ आडवा एवढा तरी, सरळसोट मातीवर काहीच टिकत नाही. त्यावर काथ्याची जाळी. ती काही वर्षांत कुजते, कुजायलाच हवी, तोवर मुळांनी माती धरलेली असते, म्हणून प्लॅस्टिकच्या नेटच्या भानगडीत पडू नका. वाळ्याचे ठोंब उताराला आडव्या ओळीत, वीतभर अंतराने, त्याची मुळं सरळ खाली २-३ मीटर जातात. अगदी पाण्यालगत लव्हाळा आणि मिळाली तर शेरणी, ती खडकाळ पात्रातच वाढते आणि पुरात लवून परत उभी राहते. वाळुंज आणि निर्गुडीच्या जाड फांद्या पावसाच्या सुरुवातीला नुसत्या खोचल्या तरी फुटतात, नर्सरीला पैसे कशाला. करंज, उंबर, जांभूळ जरा मागे. सुबाभूळ कुणी फुकट दिली तरी नको!! आणि लॉनचं म्हणाल तर त्याची मुळं वरच्या वर, वर रोज पाणी, पुराचं पाणी आलं की गालिच्यासारखं गुंडाळून जातं.

पाषाणचा पक्या
भिंत भिंत करणाऱ्यांना २५ सप्टेंबर २०१९ च्या पुराच्या रात्रीची आठवण करून द्या. पुण्यातच आंबील ओढ्याकाठच्या भिंतीच पडल्या होत्या, त्यात माणसं गेली.

ओढ्याशेजारी
बाप रे, खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन गोष्टी. परवानगी लागते का? कारण एक मेंबर म्हणतात आपल्याच हद्दीत आहे. आणि काम कधी काढायचं?

डबरवाला
कंपाउंड तुमचं, ओढा तुमचा नाही. महापालिकेची लेखी परवानगी घ्याच आणि पूररेषेचा नकाशा बघा, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदाचा. गॅबियन कड कापून आत बसवा, एक फूटसुद्धा पात्रात पुढे नको. दगडकाम मार्च ते मेमध्ये उरका, पाणी नसतं तेव्हा पायाही नीट खणता येतो.

निर्गुडीवाली
जाळी मेअखेर, वाळा पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर. जाळीची वरची कड चर खणून मातीत गाडा आणि बांबूच्या खुंट्या मारा, नुसती पसरली तर खालून पाणी शिरून अख्खी वाहून जाते. पहिला उन्हाळा टँकरचं पाणी द्यावं लागेल, ते बजेटमध्ये आत्ताच लिहून ठेवा, नंतर कमिटी देत नाही 😄