घराच्या दर्शनी खिडक्या बदलायच्या आहेत (धुळे), परवानगी लागते का?

पेठकर (धुळे)

नमस्कार मंडळी, सल्ला हवा आहे.

धुळ्याच्या पेठेत आमचं दोन मजली घर आहे, आजोबांनी घेतलेलं. भिंती विटांच्या, पावणेदोन फुटी. रस्त्याच्या बाजूला पाच सागवानी खिडक्या, वर तीन आणि खाली दोन. घराचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे मार्च लागला की दुपारी तीननंतर पुढच्या खोल्यांत बसवत नाही. झडपा लावल्या तर अंधार, उघडल्या तर ऊन आणि रस्त्याची धूळ. आईला दमा आहे आणि तिची खोली नेमकी वरची मधली.

मुलाचं म्हणणं, सगळ्या काढून यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवू आणि हात घातलाच आहे तर वरच्या तिन्ही थोड्या रुंद करू. मिस्त्री म्हणतो, "आप्पा, खिडकीला कसली परवानगी? रविवारी काढतो, सोमवारी बसवतो." शेजारी मात्र आत्ताच विचारून गेले, महापालिकेला कळवलं का म्हणून. बोळावरून त्यांचा आमचा जुना वाद आहे, तेव्हा तक्रार होणार हे धरूनच चाललोय.

परवानगी लागते का, लागत असेल तर अर्ज कुठे करायचा, आणि यूपीव्हीसी आपल्याकडच्या उन्हात टिकतं का? मालमत्ता पत्रकावर अजून आजोबांचंच नाव आहे, त्याने काही अडेल का तेही सांगा.

खिडकीवाला (जळगाव)

आप्पा, माझा धंदाच यूपीव्हीसी आणि अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा, म्हणून मालाबद्दल तेवढं सांगतो. चांगल्या प्रतीचं पांढरं यूपीव्हीसी उन्हात टिकतं. गडद लाकडी रंगाचं लॅमिनेट पश्चिमेला लावू नका, ते फार तापतं. आत पोलादी पट्टी आहे की नाही ते कापलेला तुकडा हातात घेऊन बघा, नुसत्या शब्दावर जाऊ नका.

सरकती खिडकी मात्र तुमच्या घराला मी देणार नाही. ती एका वेळी अर्धीच उघडते आणि खालच्या पन्हाळीत आपल्याकडची धूळ बसली की वर्षभरात घासायला लागते. आणि साध्या काचेतून पश्चिमेचं ऊन सरळ आत येतं. आज झडप लावून तुम्ही जेवढं ऊन अडवता, तेवढं काच अडवणार नाही. नुसती काच लावलीत तर पुढच्या उन्हाळ्यात वरून जाड पडदे घ्यायला लागतील आणि पुन्हा अंधारच.

नगररचना_निवृत्त (नंदुरबार)

पेठकर आप्पा, मिस्त्रीचं अर्धं बरोबर आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६, कलम ४३ बघा. विकासकामाला नियोजन प्राधिकरणाची (तुमच्याकडे महापालिकेची) लेखी परवानगी हवी, हा मूळ नियम. त्याच कलमाच्या परंतुकात सूट दिली आहे: देखभाल, सुधारणा किंवा फेरफाराचं काम फक्त इमारतीच्या आतल्या भागापुरतं असेल किंवा त्याने इमारतीच्या बाह्य स्वरूपात महत्त्वाचा फरक पडत नसेल, तर परवानगी लागत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेतही भिंतीत नवं दार-खिडकी काढणं वा जुनं बुजवणं, गिलावा, रंग, फरशी ही कामं विनापरवानगी गटात आहेत. पण इमारतीची मजबुती, अग्निसुरक्षा आणि बांधकामाचे सर्वसाधारण नियम यांना धक्का लागता कामा नये, ही अट तिथे आहेच.

आता तुमचं काम बघू. त्याच जागी, त्याच मापाची, तशाच दिसण्याची खिडकी बसवली तर ती सरळ दुरुस्ती. पाचही खिडक्यांच्या झडपा जाऊन पांढऱ्या चौकटी आणि काचा आल्या तर घराचं तोंड बदलतं. तो फरक महत्त्वाचा की किरकोळ, हे शेवटी अधिकारी ठरवतो आणि शेजाऱ्याची तक्रार नेमकी तिथेच बोट ठेवते. खिडक्या रुंद करणं ही तर वेगळीच गोष्ट. तुमच्या काळच्या घरात खिडकीवर लाकडी फळ्या टाकून भिंतीचा भार पेललेला असतो आणि वरच्या मजल्याच्या तुळया बहुतेक त्याच भिंतीवर टेकलेल्या असतात. दोन्ही बाजूंनी नऊ-नऊ इंच तोडलं की त्या फळ्यांना टेकू उरत नाही. त्याला स्ट्रक्चरल इंजिनियर आणि रीतसर परवानगी दोन्ही लागतील. मी तर म्हणतो, रुंद करण्याचा विचार सोडाच.

पुढे बाहेर काढलेली बॉक्स ग्रील आजकाल सगळीकडे दिसते. पेठेत घराची भिंत संपली की रस्ताच सुरू होतो, तिथे एक वीतही पुढे येऊ नका. खालच्या दोन झडपा रस्त्यावर बाहेर उघडत असतील तर तेही बघून घ्या. रहदारीला अडथळा होत असेल तर महापालिका कायद्यानुसार आयुक्त नोटीस देऊन त्या बदलायला लावू शकतात.

पैसा घालण्याआधी नगररचना विभागातून विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. घराचं तोंड रस्तारुंदीकरणाच्या रेषेत येत असेल तर दर्शनी भिंतीवर मोठा खर्च करण्यात अर्थ नाही. घर वारसा वास्तूंच्या (जुन्या जतन करायच्या इमारतींच्या) यादीत आहे का, हेही त्याच विभागात विचारा.

आजोबांचं नाव दुरुस्तीला आड येत नाही. पण परवानगीचा अर्ज करायची वेळ आली तर मालकीचा पुरावा मागतील आणि सगळ्या वारसांची संमती लागेल. वारस नोंद करून घ्याच, हे काम तसंही राहिलेलं आहे.

सागवान_प्रेमी (शिरपूर)

आप्पा, घाई करू नका. जुनं सागवान आते भेटस नही, खरं सांगस. आणि खिडकी काढताना चौकटीबरोबर भिंतीचा गिलावा आणि दोन-चार विटा येतातच.

आधी प्रत्येक खिडकी नीट तपासा. खालच्या आडव्या फळीत टोकदार खिळा दाबून बघा. लाकूड कुजलं असेल तर खिळा मऊपणे आत जातो, चांगलं असेल तर टोकापुढे सरकत नाही. बहुतेक घरांत फक्त खालचा चार-सहा इंचाचा भाग गेलेला असतो, कारण पावसाचं पाणी तिथे साठतं. जाणता सुतार तेवढाच भाग कापून नवा तुकडा सांधून देतो. बिजागऱ्या, कोयंडे बदलता येतात. गज काढू नका, ते चौकटीतच बसवलेले असतात. पाडलेल्या घरांचं सागवान विकणारे आपल्याकडे आहेत, सांधायचा तुकडा तिथूनच घ्या, नव्या लाकडाशी जुन्याचा मेळ बसत नाही.

आईला दमा आहे म्हणून एक मुद्दाम सांगतो. जुना रंग कोरडा घासायचा नाही. जुन्या तैलरंगांत शिसं असायचं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, तुमच्या खिडक्यांवरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ओला करून खरवडा, खाली प्लास्टिक अंथरा, आणि काम चालू असेपर्यंत आईला मागच्या खोलीत किंवा बहिणीकडे ठेवा. नंतर जवसाचं तेल पाजलं की लाकूड पुन्हा बोलायला लागतं.

तापीकाठ (थाळनेर)

हा मुद्दा पेठकरांना लागू नसेल, पण धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते. घराजवळ केंद्र संरक्षित स्मारक असेल तर वेगळा कायदा लागतो. आमच्या थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवचं मंदिर, साक्री तालुक्यात बळसाण्याची मंदिरं. प्राचीन स्मारकांच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली. संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र. आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती करता येते, पण सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतरच. परवानगीशिवाय काम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून अंतर मोजून घ्या, अंदाजावर राहू नका.

अमळनेरची_सून

पेठकर काका, आमच्याकडेही पश्चिमेचंच तोंड आणि रस्त्यावरचं घर. आम्ही बाहेरच्या खिडक्यांना हात लावला नाही. भिंत जाड असली की जुनी चौकट बाहेरच्या कडेला असते आणि आतल्या बाजूला फूटभर खोल कोनाडा उरतो. तिथे आतल्या कडेला दुसरी चौकट बसवली, यूपीव्हीसीची, टफन्ड काचेची, आत उघडणाऱ्या दोन पाखांची. कडांना रबर आहे, त्यामुळे धूळ थांबली आणि ट्रकचे हॉर्नही बरेच कमी झाले.

उन्हाचं गणित असं: ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे, काचेच्या आत आल्यावर पडद्याने अडवून खोली तापायची ती तापतेच. बाहेरच्या झडपा हे काम आधीपासून करत होत्या. झडपेच्या वरच्या अर्ध्या भागात फळी काढून तिरप्या पट्ट्यांची झिलमिली करून घेतली, म्हणजे उजेड आणि वारा येतो, ऊन नाही. दुपारी झडप बंद आणि काच बंद, संध्याकाळी सात-आठनंतर दोन्ही सताड उघडं.

नगररचना_निवृत्त (नंदुरबार)

वा! पेठकर आप्पा, हेच करा. आतली चौकट म्हणजे निव्वळ आतलं काम, कलम ४३ च्या सुटीत सरळ बसतं. बाहेरची दुरुस्ती त्याच मापाची, तोंड आहे तसंच. शेजाऱ्याला बोट ठेवायला जागा उरत नाही.

तरी एक साधं पत्र द्या, नगररचना विभागाच्या नावाने. घराचा सिटी सर्व्हे नंबर, पाचही खिडक्यांची आजची मापं, समोरून काढलेले फोटो, आणि दोन ओळी: "चौकटींचे माप व जागा न बदलता लाकडी भागांची दुरुस्ती करीत आहोत, रस्त्याकडे कोणतेही वाढीव बांधकाम नाही." दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्या. फोटो काम सुरू होण्याआधीचेच हवेत. उद्या कोणी तक्रार केली आणि कलम ५३ खाली (विनापरवानगी बांधकामाबद्दलची) नोटीस आली तर ही प्रत आणि फोटो जोडून मुदतीत उत्तर द्यायचं. नोटीस आली म्हणून घाबरायचं नाही आणि ती फडताळातही ठेवायची नाही.

हिवरे_पाटील (यावल तालुका)

आमचं घर गावठाणात आहे, नगरपालिका नाही. मग कोणाला विचारायचं?

नगररचना_निवृत्त (नंदुरबार)

पाटील, गावठाणात बांधकाम किंवा वाढीव बांधकामासाठी ग्रामपंचायतीची परवानगी लागते. नुसत्या दुरुस्तीला असंच पत्र ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. शेजाऱ्याच्या हद्दीकडे नवी खिडकी मात्र पाडू नका. आणि तुमची जुनी खिडकी बुजवायला कोणी सांगत असेल तर घाईने बुजवू नका. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं अखंड, शांतपणे आणि हक्क म्हणून घेतलेल्या उजेड-वाऱ्याला संरक्षण आहे.

पेठकर (धुळे)

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला धागा वाचायला दिला, रुंद करण्याचा हट्ट त्याने सोडला. काल खिळा दाबून पाहिला: वरच्या मधल्या खिडकीची खालची फळी पार गेली आहे, खालच्या एका झडपेला थोडी कीड, बाकी तिन्ही ठणठणीत. आईच्या खोलीपासून सुरुवात करतो, ती एक पूर्ण झाली की उन्हाळ्यात फरक बघून पुढच्या. पत्र सोमवारी देतो, भाग नकाशाचा अर्जही त्याच दिवशी. वारस नोंदीसाठी दोन्ही आत्यांशी बोलणं झालं, त्या सही द्यायला तयार आहेत.

सूनबाई, एक विचारायचं राहिलं. आत काच, बाहेर झडप, मग मधल्या कोनाड्यात धूळ आणि पावसाचं पाणी साठत नाही का? आणि डासांची जाळी कुठे लावली?

अमळनेरची_सून

साठतं काका, म्हणून कोनाड्याच्या तळाला बाहेरच्या बाजूला उतार देऊन घ्या, कडाप्पा किंवा घोटलेला कोबा, आणि जुन्या चौकटीच्या खालच्या फळीला दोन बारीक भोकं पाडा म्हणजे पाणी रस्त्याकडे निघून जाईल. उतार आधी, आतली चौकट नंतर, मिस्त्रीला हा क्रम बजावून सांगा. जाळी आतल्या चौकटीला काढता येणारी लावा. बाहेर लावली तर झडपा उघडता येत नाहीत आणि तीही समोरून दिसते. पाखं पूर्ण आत उघडतील एवढी जागा सोडा, आईंचा पलंग खिडकीला लागून असेल तर तो आधी हलवून माप घ्या.