मदत हवी आहे: इंजिनिअरांच्या संघटनेत तरुण सभासद येतात, पण टिकत नाहीत

नमस्कार मंडळी,

नागपुरातल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या एका व्यावसायिक संघटनेची मी सध्या सहसचिव आहे. (नाव मुद्दाम लिहीत नाही, कार्यकारिणीतले दोघे-तिघे इथे वाचक आहेत.) नवे सभासद आणणं आणि असलेले टिकवणं हे खातं माझ्याकडे आलंय. आलंय म्हणजे काय, तर बाकी कोणी हात वर केला नाही.

परिस्थिती अशी की नोंदवहीत नावं भरपूर. त्यात बहुसंख्य आजीव सभासद. कधीकाळी एकरकमी पैसे भरले, नाव लागलं, विषय संपला. आता काही मुलांकडे पुण्याला किंवा परदेशी असतात, काहींना धाडलेली संघटनेची पत्रिका 'पत्ता अपूर्ण' असा शेरा घेऊन परत येते, आणि काही जण गेले हे आम्हाला पेपरातल्या पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतून कळतं. वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही. मग सभा अर्धा तास तहकूब, तेवढ्यात चहा-समोसा, आणि तीच माणसं त्याच खुर्च्यांवर बसून तहकूब सभा सुरू! नोटिशीतच ते वाक्य दरवर्षी आधीपासून छापलेलं असतं.

दुसऱ्या टोकाला विद्यार्थी. कॉलेजांमध्ये आमचे स्टुडंट चॅप्टर, म्हणजे विद्यार्थी शाखा आहेत. 15 सप्टेंबरला अभियंता दिन, विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार, आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल, प्रमाणपत्रं, सेल्फी. हॉल भरतो. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला की ही सगळी मंडळी गायब. कॉलेजचा ईमेल बंद, फोन नंबर बदललेला.

मधल्या वयाचे, पंचविशी ते चाळिशीतले, ज्यांच्या डोक्यावर साइट चालते, ते आमच्याकडे जवळपास नाहीतच. आणि हे नागपुरात! मेट्रो 2019 मध्ये धावायला लागली, समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये उघडला, वर्धा रोडवर 3.14 किलोमीटरचा डबलडेकर पूल उभा राहिला. ही कामं करणारी पोरं वर्षानुवर्षं इथंच खोल्या करून राहत होती. त्यांच्यातलं कोणी आमच्याकडे फिरकलं नाही, आणि आम्हीही त्यांच्याकडे गेलो नाही.

कारण मला थोडंफार कळतं. सीएंसाठी 1949 चा कायदा आहे, वकिलांसाठी 1961 चा, आर्किटेक्टांसाठी 1972 चा. नोंद नसेल तर त्या नावाने धंदाच करता येत नाही. इंजिनिअरांसाठी देशपातळीवर तसं काही नाही. स्ट्रक्चरल नकाशावर सही करायला महापालिकेत स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंद लागते, पण ती नोंद महापालिका करते. आमची वर्गणी नाही भरली तर कोणाचं काहीही अडत नाही. म्हणजे 'यातून मला काय मिळतं?' याचं उत्तर आम्ही दरवर्षी नव्याने द्यायला हवं, आणि आमच्याकडे उत्तर म्हणून आहे ते मासिक व्याख्यान, शाल-श्रीफळ आणि जेवण.

एक प्रसंग सांगते, कारण माझी सगळी आशा त्यावर आहे. मागे एका व्याख्यानानंतर बेसा भागात काम करणाऱ्या एका मुलाने भीत भीत विचारलं की काळ्या मातीवरच्या बंगल्याच्या प्लिंथला (जोत्याला) उन्हाळ्यात भेगा पडल्यात, पावसाळ्यात त्या मिटतात, मालक त्याच्यावर खापर फोडतोय, काय करू? वक्ते तोवर निघून गेले होते. मागच्या रांगेतले एक सत्तरीचे कन्सल्टंट उठले, निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर पेनाने अंडर-रीम्ड पाइल (तळाशी फुगीर असलेला पायाचा खांब) काढला, ती माती कोरडेपणी किती आक्रसते आणि पाण्याने किती फुगते ते समजावलं, माती काढून न फुगणाऱ्या मुरमाचा थर कुठे चालतो आणि कुठे पैसे वाया जातात तेही सांगितलं. मग म्हणाले, "आधी बागेला पाणी कुठून घालतात आणि भिंतीला लागून झाड कोणतं आहे ते पाहून ये." भोवती दहा-बारा जणांचं कोंडाळं झालं. चौकीदाराने दिवे बंद केले तेव्हा मंडळी पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिली. त्या मुलाने पत्रिका घडी करून खिशात घातली आणि पुढच्या आठवड्यात वर्गणी भरली. मुख्य व्याख्यान कशावर होतं, ते मला आज आठवत नाही.

तर प्रश्न. कॉलेज सुटल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत मुलं हातची जातात ती कशी थांबवायची? आजीव सभासदत्व बंद करावं का? (हा विषय काढला की कार्यकारिणीत आवाज चढतात.) आणि ते पार्किंगमधलं कोंडाळं ठरवून घडवून आणता येतं, की ते आपोआपच व्हावं लागतं? दुसऱ्या गावांचा, दुसऱ्या व्यवसायांचा अनुभवही चालेल. 'सोशल मीडियावर सक्रिय व्हा' हा सल्ला मिळालेला आहे, धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, मी कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त. आमच्या काळी डिप्लोमावाले संघटनेत यायचे ते एएमआयईसाठी. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही 1920 ची संस्था, तिची ती परीक्षा. शिफ्ट संपवून सेक्शन ए, मग सेक्शन बी, पास झालं की पदवीच्या बरोबरीचा कागद आणि बढतीचा रस्ता मोकळा. अभ्यासाला एकत्र बसायचो, त्यातून ओळखी. पुढे सरकारने ठरवलं की 31 मे 2013 पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ती समकक्षता मिळेल. तो कागद गेला तशी तरुण डिप्लोमावाल्यांची गर्दीही गेली. तेव्हा आमचं संघटनेवर फार प्रेम होतं असा गैरसमज नको. कागदासाठी आलो आणि दोस्तीसाठी थांबलो. आता तुमच्याजवळ कागद नाही, तर दुसरं काहीतरी पाहिजेच.

प्रतिसाद २

मी तुमच्याच नाही पण अशाच एका संघटनेतून गळालेला माणूस आहे. कॉलेजात चॅप्टरचा खजिनदार होतो! काहून गळालो सांगतो. एक, कार्यक्रम संध्याकाळी सहाला. सहाला आमची आरएमसीची (तयार काँक्रीटची) पहिली गाडी गेटवर येऊन राहते. मे महिन्यात तर दिवसा स्लॅब टाकताच येत नाही, चाळीसच्या वर पारा गेला की काँक्रीटचं काय होते ते तुम्हाला मी काय सांगू. रात्रभर जागरण, सकाळी क्युरिंग, म्हणजे स्लॅबवर पाणी मारणं. रविवारी सकाळी तर्री-पोह्यावर बोलवा, बघा येतात की नाही.

दोन, पहिल्या नोकरीत पगार किती असते ते आठवा जरा. त्यात पूर्ण वर्गणी.

तीन, आणि हे जास्त लागलं. मी दोन वर्षं आलो नाही तर एकानेही फोन करून विचारलं नाही की बाबा कुठं आहेस. वर्गणीची आठवण मात्र आली, छापील, 'महोदय' म्हणून.

प्रतिसाद ३

वरच्या दुसऱ्या मुद्द्यावर. मी बाहेर असतो, इथल्या मोठ्या संघटनांनी ही गळती फार आधी ओळखली आहे. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअरांच्या संघटनेत, एएससीईत, विद्यार्थ्यांना पैसे पडत नाहीत. आयईईई या इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या संघटनेत पदवीनंतर सुरुवातीला निम्म्यावर भागतं, आणि पहिल्या पदवीपासून 15 वर्षांपर्यंतच्या लोकांचा वेगळा गट आहे, त्यांचे कार्यक्रम तेच ठरवतात. विद्यार्थी आणि पूर्ण सभासद यांच्यात एकदम उंच पायरी ठेवू नका, उतार ठेवा. आणि निकालानंतर फॉर्म पाठवू नका, शेवटच्या सत्रातच भरून घ्या. घरचा पत्ता आणि स्वतःचा ईमेल घ्या, कॉलेजचा नको.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. क्र. २, 'महोदय'वाला नमुना आमचाही तसाच आहे, तो आजच बदलायला घेते. रविवार सकाळ मी सुचवली होती, पण ज्येष्ठ म्हणतात रविवार घरचा. त्यावर पोह्यांचा प्रस्ताव ठेवून बघते, तर्रीपुढे विरोध टिकणार नाही असं वाटतं.

क्र. ३, उतार पटला. पण आमचं उत्पन्नच मुळात वर्गणी आणि सिमेंट-स्टीलवाल्यांच्या जाहिराती. आजीव सभासदांकडून आता काहीच येत नाही, त्यांच्या ठेवीच्या व्याजात पत्रिकेचं टपालसुद्धा निघत नाही. तरुणांना सवलत द्यायची तर भरपाई कुठून?

प्रतिसाद ४

मी एका व्यापारी संघटनेचं कार्यालय सांभाळतो, आमच्याकडेही हेच महाभारत झालं. आहेत त्या आजीव सभासदांच्या हक्काला हात लावू नका. त्यांनी करार म्हणून पैसे भरलेत, भांडण जिंकूनही माणसं जातील. नवे आजीव घेणं थांबवा, किंवा वयाची अट घाला, पन्नाशीनंतरच आजीव. मग सगळ्या आजीवांना एक पत्र पाठवा: पत्ता-फोन कळवा, आणि इच्छा असेल तर एका नवख्या इंजिनिअरची वर्षाची वर्गणी भरा. त्या नवख्याचं नाव-काम त्यांना कळवा. आमच्याकडे अपेक्षेपेक्षा जास्त लोकांनी दिले. निनावी निधीला हात आखडतो, समोर पोरगं दिसलं की सुटतो.

कायद्याचं: वर्गणीचे आकडे तुमच्या घटनेतच आहेत की वेगळ्या नियमावलीत, हे आधी बघा. नियमावलीत असतील तर काम सोपं. घटनेत असतील तर दुरुस्तीसाठी रीतसर नोटीस देऊन विशेष सभा घ्यावी लागेल, आणि संस्था न्यास म्हणूनही नोंदलेली असणार, तेव्हा धर्मादाय कार्यालयातले जुने बदल अर्ज (कार्यकारिणी वगैरे बदलल्याचं कळवणारे) मंजूर आहेत का तेही तपासा. कित्येक संस्थांचे कार्यकारिणीचेच बदल वर्षानुवर्षं अडकलेले असतात, आणि मग नवीन ठरावावर कोणीही हरकत घेतो.

प्रतिसाद ५

पार्किंगमधल्या कोंडाळ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून. ते ठरवून होतं. आम्ही पुण्यात व्याख्यानच काढून टाकलं. महिन्यातून एकदा, एकजण आपल्या साइटवरची अडकलेली गोष्ट फोटो आणि बोअर लॉगसकट (जमिनीखालच्या थरांच्या नोंदीसकट) मांडतो, बाकीचे तुटून पडतात. अट एकच, मालकाचं आणि बिल्डरचं नाव घ्यायचं नाही. आणि साइट भेटी. तुमच्याकडे गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रो आहे. आमच्या मुलांना ते पाहायला नागपूरला आणावं असा विचार आहे, तुम्ही तर तिथेच आहात!

धागाकर्ती

क्र. ५, या, नक्की या. भेटीची परवानगी कशी काढायची ते मी शोधते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. पहिली 'अडकलेली गोष्ट' त्या बेसावाल्या मुलालाच मांडायला सांगितली आहे. भिंतीला लागून गुलमोहर निघाला.

क्र. ४, बदल अर्जांचं तुम्ही म्हणालात म्हणून फाइल काढली. मागच्या दोन कार्यकारिणींचे मंजूर आदेश सापडत नाहीयेत. नागपूरच्या धर्मादाय कार्यालयातून जुन्या आदेशांच्या प्रती काढण्याचा कोणाला ताजा अनुभव आहे का? अर्ज कसा करायचा, वकील लागतो की सचिवाच्या सहीवर भागतं?